काय काय झालं, ओसाबा?

ओला फडका खांद्यावर टाकत ओलात्सनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय काय झालं, ओसाबा?" बिशेन्तेनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आपण काय खाल्लं ते त्याला आठवेना. समोर बशी होती, बशीत एक चमचा होता, शेजारी चाकोलीचा रिकामा पेला होता. वाइन प्यालो एवढं नक्की, तिचा आंबटपणा अजून जिभेवर होता. पण चमचा कशाला? लुसियोच्या या बारमध्ये, याच फळीपाशी उभा राहून तो तरुणपणापासून दुपारी एकच गोष्ट खात आला होता. काडीला ओवलेली हिरवी मिरची, ऑलिव्ह आणि खारवलेली अँचोव्ही, जिला सगळं दोनोस्तिया गाव हिल्दा म्हणतं. हिल्दाला चमचा लागत नाही. तिची काडी उरते आणि ती बशीच्या काठावर ठेवायची असते. काडी कुठंच नव्हती. खाली वाकून बघावं असं त्याला वाटलं, पण चार माणसांदेखत वाकायचं कसं? ओलात्स वाट बघत उभी होती. ती लुसियोची मुलगी, बापाची पाठ धरल्यापासून बार तीच चालवत होती, आणि बिशेन्तेला ती बोलायला लागल्या दिवसापासून ओसाबा म्हणजे काका म्हणत आली होती. या गावात फळीमागचं माणूस मोजत बसत नाही. गिऱ्हाइकानं गर्दीत उभ्या उभ्या खावं, प्यावं, आणि निघताना आपल्या तोंडानं सांगावं. तो सांगेल ते खरं. जो सांगू शकत नाही तो एकतर लबाड नाहीतर म्हातारा. बिशेन्तेनं घसा खाकरला आणि म्हणाला, "नेहमीचंच."

ओलात्सचा चेहरा पडला. "नेहमीचंच?" तिनं पुन्हा विचारलं. तो हो म्हणाला. मग ती हसली, पण ओठांपुरती, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बिशेन्ते पैसे ठेवून बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते.

बाहेर सिरिमिरी चालू होती. हा पाऊस पडतो म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर माणूस भिजतो. त्यानं छत्री उघडली. छत्री विसरलो नाही हे त्यानं मनाशी नोंदवलं, आणि आपण असलं काही नोंदवायला लागलो याचीच त्याला भीती वाटली. मघाशी काय झालं ते त्यानं क्रमानं आठवायला घेतलं. आपण आत गेलो. फळीपाशी एक पाहुणं जोडपं होतं, उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड देशातलं, उंच आणि घाबरलेलं. दोघंही फळीवरच्या बशांच्या ओळीकडे परीक्षेला बसल्यासारखे बघत होते. बाईनं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, इथलं चांगलं काय? मग काय, आपल्याला चेवच आला. एका बारमध्ये एकच गोष्ट खायची, मग पुढच्या बारमध्ये जायचं, बसायचं नाही. फळीवर मांडून ठेवलेलं पाहुण्यांसाठी असतं, आपण आतून गरम मागवायचं. आणि मुख्य म्हणजे खाताना गप्प राहायचं. हो, खाताना गप्प राहायचं असं आपण त्यांना हात उडवून उडवून सांगितलं. बाईच्या कानात निळे खडे होते. नवऱ्याच्या बुटाची नाडी सुटली होती. हे सगळं लख्ख आठवत होतं. त्यातच कधीतरी ओलात्सचा हात आला, बशी आली, ती काहीतरी बोलली. आणि त्यापुढे काहीच नव्हतं. नंतर एकदम रिकामी बशी आणि तिचा प्रश्न.

आईचंही असंच झालं होतं. इतकी वर्षं त्यानं हा विचार दाराबाहेर उभा केला होता. आज तो न विचारता आत आला आणि बसला. तीच फळी, पलीकडे लुसियो, तेव्हा काळ्या केसांचा. रविवारची दुपार, प्रार्थनेनंतरची गर्दी, आई ठेवणीतल्या निळ्या कोटात. लुसियोनं विचारलं, "काय काय झालं, जोशेपा?" आईनं हनुवटी वर केली आणि म्हणाली, "तूच सांग की! तू काय झोपला होतास?" सगळे खदखदून हसले. जोशेपाची जीभ म्हणजे जीभ, गावात प्रसिद्ध होती. सगळ्यांत मोठ्यानं बिशेन्ते हसला. फक्त हसता हसता त्याला दिसलं की आईची बोटं पर्सची कडी उघडत होती, लावत होती, उघडत होती. ते त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढे दोन हिवाळे गेले आणि एक दिवस ती दुकानात आली. त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. तिनं लाकडी मुठीची काळी छत्री मागितली. त्यानं दिली. तिनं ती उघडून पाहिली, कापडावरून हात फिरवला आणि अदबीनं म्हणाली, "तुम्ही अगदी माझ्या मुलासारखे दिसता हो. तोही चांगलाच आहे. पण येत नाही हल्ली." बिशेन्तेनं छत्री कागदात गुंडाळली, दुकानाला कुलूप लावलं आणि एखादा सभ्य दुकानदार पोचवतो तसं तिला हात धरून घरी पोचवलं. वाटेत ती आपल्या मुलाचं कौतुक सांगत होती. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही, आणि आता तर बायकोही राहिली नव्हती.

चालता चालता तो कोन्चाच्या समुद्रकाठच्या कठड्यापाशी आला. ओहोटी होती. ओल्या वाळूवरून माणसं अनवाणी चालत होती, त्यांत पाहुणे किती आणि गावचे किती ते त्यांच्या पोटऱ्यांवरूनच कळत होतं. कठड्याला हात लावून तो स्वतःची परीक्षा घ्यायला लागला. मुलीचा वाढदिवस. आला. जावयाचं नाव. आलं, नको असताना आलं. आपल्या गल्लीत कोपऱ्यापासून पूर्वी कुठली कुठली दुकानं होती? दोरखंडवाला, मग मेणबत्त्या, मग ती बहिरी शिंपीण, मग आपण. आपल्या जागी आता चीजकेक मिळतो आणि त्याच्यासाठी पावसात रांग लागते. रांगेतल्या निम्म्यांच्या डोक्यावर छत्री नसते, ते बघून त्याच्या पोटात अजून तुटतं. सगळं आठवत होतं. जुनं आठवतंच, तो मनाशी म्हणाला, आईलाही जुनं सगळं आठवत होतं. शेवटपर्यंत तिला आपल्या लग्नात वाढलेल्या माशांची नावं पाठ होती. हे मन म्हणजे मोठं कावेबाज, धीर द्यायला म्हणून जवळ येतं आणि खिसा कापून जातं. मुलीला फोन करावा असं त्याला वाटलं. ती गास्तेइसला असते, तासाभरात गाडी काढून येईल. येईल आणि बघेल. तेच नको होतं. ओलात्सनं मघाशी कसं बघितलं? आधी चेहरा पडला, मग जपून हसली. आईकडे लोक असंच बघायला लागले होते. त्या हसण्यात दया असते आणि दया एकदा सुरू झाली की थांबत नाही. त्याच्या वडिलांचं एक आवडतं वाक्य होतं, दुकानात नवा नोकर आला की त्याला पहिल्याच दिवशी ऐकवत: "पाऊस गिऱ्हाईक आणतो, पण आपल्याला जेवू घालतं ते ऊन." ऊन पडलं की लोक छत्र्या जिथल्या तिथं विसरून जातात, आणि विसरले की पुन्हा घ्यायला येतात. तीन पिढ्या या घरानं दुसऱ्यांच्या विसरण्यावर भाकरी खाल्ली. आता आपली पाळी आली असेल तर तक्रार कुणाकडे करायची?

मंडळात आज स्वयंपाक त्याचा होता. जुन्या गावातल्या एका तळघरात त्यांचं खाण्याचं मंडळ होतं. प्रत्येकाकडे किल्ली, मोठी चूल, लांब टेबलं, भिंतीवर मेलेल्या सभासदांचे फोटो. बायकांनी जेवायला यावं, चुलीपाशी येऊ नये, असा आजोबांच्या काळचा नियम अजून होता. ओलात्सच्या हातचं खायला लोक विमानानं येतात, पण बापाच्या मंडळात तिला पळीला हात लावायची बंदी. नियम बदलायला हवा असं दर वर्षी सगळे म्हणत, आणि मग जेवायला बसत. आज जेवायला तिघंच होते. लुसियो, पट्टा बांधलेल्या पाठीनं खुर्चीत ताठ बसलेला, आणि चोमिन, जो जन्मभर गोदीत क्रेन चालवून आता दिवसभर तोंड चालवत असे.

बिशेन्तेनं मातीचं पसरट भांडं चुलीवर ठेवलं, तेलात लसूण टाकली, ती काढली, आणि हेक माशाच्या हनुवटीखालचे ते मऊ तुकडे एकेक करून तेलात सोडले. या पदार्थाला पळी चालत नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवत राहायचं, म्हणजे माशातला चिकट रस तेलात उतरतो आणि तेल दाट, पांढरट होत जातं. घाई केली की फुटतं. दुर्लक्ष केलं तरी फुटतं. मीठ घातलं का? त्याचे हात थांबले. मिठाचं भांडं उजवीकडे होतं, झाकण उघडं. म्हणजे घातलं. की घालायला म्हणून उघडलं? त्यानं चव घेतली. बरोबर वाटलं. भीतीनं चव बदलते का? त्यानं पुन्हा घेतली. आईनं असंच एकदा नाताळच्या जेवणात दोनदा मीठ घातलं होतं आणि सगळ्यांनी गुपचूप पाणी पीत जेवण संपवलं होतं. "अरे, खाऊन संपवतोस की काय तिथंच?" चोमिन टेबलावरून ओरडला. "आलो, आलो," तो म्हणाला. मनगटं पुन्हा फिरायला लागली. तेल जड झालं, भांड्याच्या तळाशी हळू आवाज यायला लागला. मनगटांना अजून सगळं येत होतं. मनगटांचं काय, ती बिचारी शेवटी जातात.

त्यानं भांडं टेबलावर आणलं. लुसियोनं पावाचा तुकडा मोडला, रसात बुडवला, खाल्ला, आणि मान डोलावली. मीठ बरोबर होतं. बिशेन्ते बसला आणि पहिला घास तोंडाशी नेतोय तोच लुसियो म्हणाला, "आज माझ्या पोरीला रडवलंस म्हणे."

घास तिथंच राहिला. "मी?"

"फोन आला होता तिचा. हिवाळाभर राबतेय ती त्या एका चमच्यापायी. हिल्दाचा म्हणे फेस! मिरची, ऑलिव्ह, अँचोव्ही, सगळं कसल्या तरी यंत्रात घालायचं आणि चमचाभर फेस काढायचा. मी तिला सांगितलं, जे चावायला लागत नाही ते खाणं नव्हे, ते औषध. पण ऐकते कुठं. म्हणाली, बाबा, आज पहिला चमचा ओसाबाला देणार, त्याचं तोंड खरं बोलतं. दिला. त्यानं तो एका घासात गिळला, पाहुण्यांशी बोलत बोलत. तिनं विचारलं, काय काय झालं? आणि हा शहाणा म्हणतो काय, तर नेहमीचंच!"

चोमिननं टेबलावर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! एका शब्दात पाणी फिरवलंस की. मला रात्रभर जागून असलं सुचलं नसतं. नेहमीचंच! जोशेपाचा पोर शोभतोस खरा."

चमचा. म्हणजे चमचा खरा होता. काडी हरवली नव्हती, काडी नव्हतीच. बिशेन्तेच्या छातीवरचं ओझं एकदम निम्मं झालं, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की उरलेलं निम्मं तिथंच आहे. फेस असो की दगड, तो आपल्या तोंडात गेला होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. समोर दोघं हसत होते. आपणही हसलो की झालं. टोमणा म्हणून हे मंडळात वर्षभर चालेल, कुणालाही काही कळणार नाही. आईनंही तेच केलं होतं. सगळे हसले आणि ती त्या हसण्याच्या आडोशाला एकटी राहिली, दोन हिवाळे. त्यानं घास बशीत परत ठेवला.

"टोमणा नव्हता रे तो," तो म्हणाला. "मला आठवलंच नाही. तिनं विचारलं आणि मला काहीच आठवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. आईचं सुरू झालं होतं ना, तसं."

लुसियोनं सावकाश ओठ पुसले. त्या रविवारी फळीपलीकडे तोच होता. चोमिन मात्र मिशी चाचपत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"थांब," चोमिन म्हणाला. "तू किती वाजता गेला होतास? जाऊ दे. मी तुझ्या मागून गेलो. मी तिथं काय केलं माहीत आहे? भांडलो. माझ्यासमोर बशी, बशीत रिकामा चमचा. मी म्हटलं, पोरी, चमचा ठेवून गेलीस, आता यात काय घालणार ते घाल. ती म्हणते, चोमिन, तू खाल्लंस. मी म्हटलं, कुणी खाल्लं? मी आल्यापासून उपाशी आहे. ती म्हणते, खाल्लंस! मी म्हटलं, बापाला बोलाव! तर ती माझ्या तोंडाकडे बोट दाखवते आणि म्हणते, मिशीला लागलंय बघ. आणि लागलेलं होतं, बिशेन्ते! मी आपला हात धुताना साबण उडाला असेल म्हणून पुसून टाकलं!"

लुसियोला आधी हसू आलं, मग पाठीत कळ आली, मग दोन्ही एकदम. "खायला बसलं की जीभ चवीला लावावी," तो कण्हत म्हणाला, "तुम्ही दोघं ती बडबडीला लावता. रडली ती उगीच नाही. एकानं टोमणा मारला, दुसऱ्यानं चोर ठरवलं!" बिशेन्तेला हसू फुटलं ते त्याला आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, आधी हसण्याचं, मग नुसतंच. चोमिननं आपला मळका रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे बघत पाव खायला लागला.

"आणि एक ऐक," लुसियो म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "जोशेपाचं तुला त्या रविवारी कळलं. मला आधीपासून दिसत होतं. ती मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारायची. मी बोललो नाही. तू दुखावशील म्हणून बोललो नाही, आणि तूही बोलला नाहीस. बिचारी दोघांच्या मध्ये एकटी राहिली. तुझं तसं काही झालं, तर मी तुला तोंडावर सांगेन. त्याच दिवशी. पुन्हा ती चूक नाही करणार."

"सांगशील?"

"सांगेन म्हटलं ना."

"सांगून काय उपयोग," चोमिन भरल्या तोंडानं म्हणाला, "दुसऱ्या दिवशी विसरेल तो." लुसियोनं त्याला पावाचा तुकडा फेकून मारला. बिशेन्तेनं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. रस छान जुळून आला होता, आणि गार होत आला असला तरी मासा जिभेवर विरघळत होता. तो गप्प बसून जेवला. डॉक्टरकडे जायचंच असेल तर पुढच्या आठवड्यात जाऊ, चोमिनलाही नेऊ, असा एक विचार मध्येच येऊन गेला, आणि त्या विचारातही फारशी भीती नव्हती.

संध्याकाळी बार रिकामा असताना तो ओलात्सकडे गेला. ती पेले पुसत होती. त्याला बघून तिनं पेला उजेडाकडे धरला आणि तिथंच बघत राहिली. त्यानं छत्री दाराशी ठेवली, फळीशी आला आणि सगळं सांगून टाकलं, आईच्या निळ्या कोटासकट. ती ऐकत गेली तसा तिचा हात थांबला.

"म्हणजे मी हिवाळाभर घासलं आणि तुझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही?" ती म्हणाली. "ओसाबा, याच्यापेक्षा टोमणा बरा होता की रे!" आणि मग तिच्या लक्षात आलं की त्यानं नक्की काय सांगितलं. तिनं फळीवरून हात पुढे करून त्याचं मनगट घट्ट धरलं, थोडा वेळ. मग आत गेली आणि एक चमचा घेऊन आली. "आता तोंड बंद ठेवायचं. एक शब्द नाही."

त्यानं डोळेही बंद केले. आधी काहीच लागलं नाही, नुसता गारवा. गिळायची घाई झाली, ती त्यानं आवरली. मग खारटपणा आला, लांबून, मग ऑलिव्हचा कडवट तुरटपणा, आणि सगळं संपलं असं वाटल्यावर टाळूला मिरची झोंबली. ती तीच होती. तरुणपणीच्या पहिल्या हिल्दापासूनची, बायकोबरोबर वाटून खाल्लेली, आईनं एका घासात काडीवरून ओढून घेतलेली. इतक्या उशिरानं येत होती म्हणून बोलणाऱ्याला सापडत नव्हती.

"खरं सांगू?"

"त्याचसाठी दिलं ना तुला."

"चांगलं आहे. आई असती तर तुला जवळ घेतलं असतं. पण मला काडी पाहिजे, पोरी. हातात काहीतरी उरायला पाहिजे."

ती हसली, या वेळी डोळ्यांपर्यंत. फडका खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "काय काय झालं, ओसाबा?"

"एक फेस," तो शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहून म्हणाला. "त्यात अँचोव्ही, ऑलिव्ह, मिरची. मिरची सगळ्यात शेवटी. आणि दुपारी एक चाकोली, आणि एक फेस, तो मी खाल्ला पण मला भेटला नाही."

तो बाहेर पडला. ढग फाटले होते, आणि जुन्या गावाच्या ओल्या फरशांवर तिरपं ऊन पडलं होतं. चीजकेकच्या रांगेतली माणसं अंगावरचे कोट काढत होती. तो त्यांच्या शेजारून गेला, कोपऱ्यापर्यंत पोचला, तेवढ्यात मागून ओलात्सची हाक आली. ती बारच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात त्याची छत्री होती, लाकडी मुठीची, काळी. "ओसाबा! विसरलास बघ!"

बिशेन्ते वळला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं आणि हात हलवून मोठ्यानं म्हणाला, "राहू दे! ऊन पडलंय!"